मेंटॉर व्हायचंय? आधी कागद मागा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नोकरी-व्यवसायात मुरलेले अनेक वाचक बीबीए, बीएमएस आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना विनामोबदला मार्गदर्शन करू लागले आहेत, काही जण त्या वाटेवर आहेत. त्यांच्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. उत्तरं देणारे सगळे जण हे काम जवळून जाणतात.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी चौदा वर्षं पर्चेसमध्ये आहे. जवळच्या एमबीए कॉलेजने ‘इंडस्ट्री मेंटॉर’ म्हणून बोलावलंय. नक्की करायचं काय आणि वेळ किती जाईल?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

हो म्हणण्याआधी कॉलेजला एकच गोष्ट विचारा: मेंटॉर म्हणजे तुमच्याकडे नेमकं कोण? हा शब्द कॉलेजात तीन-चार अर्थांनी फिरतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदपत्रांत जो मेंटॉर असतो तो कॉलेजचाच शिक्षक. हजेरी, घरची अडचण, परीक्षेचा ताण हे तो पाहतो. प्रोजेक्ट गाइड अहवाल तपासतो आणि गुण देतो. पाहुणा वक्ता दीड तास बोलून जातो. तुमचं काम या सगळ्यांहून वेगळं. तुमच्या हातात ना गुण, ना हजेरी. म्हणून तर विद्यार्थी तुमच्यापाशी ‘मला हे येत नाही’ असं म्हणू शकतो. कॉलेजने अंतर्गत गुण द्यायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. गुण आले की मुलं जे येत नाही ते लपवायला लागतात.

वेळेचा हिशेब असा. पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी घ्या. प्रत्येकाच्या सहा भेटी, भेट ४५ मिनिटांची, भेटीआधी वाचन आणि नंतरची टिपणं मिळून अर्धा तास. सगळे मिळून १५ तास, तेही पाच-सहा महिन्यांत विभागलेले. पाच विद्यार्थी घेतले की हेच साडेसदतीस तास होतात आणि मार्चअखेरीच्या धावपळीत पहिली काट याच भेटींना बसते. एमबीएच्या पहिल्या वर्षाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरुवात करणं चांगलं. वर्ग स्थिरावलेले असतात आणि दुसऱ्या सत्रानंतरच्या आठ आठवड्यांच्या समर इंटर्नशिपची तयारी करायला हातात वेळ असतो. परीक्षेच्या तीन आठवड्यांत भेट ठेवू नका.

आता या सगळ्या सदरात पुन्हा पुन्हा येणारा नियम. प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याने एक पान पाठवायचं. त्यात तीनच गोष्टी हव्यात: गेल्या भेटीनंतर काय केलं, कुठे अडलं, आणि उद्या विचारायचे दोन प्रश्न. पान आलं नाही तर भेट दोन दिवस पुढे. रागावायचं नाही, टोमणा मारायचा नाही, फक्त तारीख बदलायची. कागदाशिवाय झालेली भेट हमखास गप्पांत जाते. गप्पा रंगतात, मोठ्या माणसाला बोलायला आवडतंच, आणि विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी जातो.

मला मिळालेली विद्यार्थिनी हुशार आहे असं सर सांगतात. पण भेटीत ‘हो मॅडम’, ‘ठीक आहे मॅडम’ याशिवाय काही बोलत नाही. इंग्रजीचीही भीती दिसते. काय करू?
— एक वाचक, जळगाव

तिला रस नाही असा अर्थ लगेच काढू नका. पंधरा वर्षं वर्गात मोठी माणसं बोलली आणि तिने ऐकलं. तुमच्यासमोर ती तेच करते आहे. त्यात ‘स्वतःबद्दल सांग’ हा पहिलाच प्रश्न मुलाखतीचा वास घेऊन येतो, आणि ती पाठ केलेली चार इंग्रजी वाक्यं म्हणून गप्प बसते.

तिच्या माहितीतल्या एखाद्या दुकानापासून सुरुवात करा. ‘तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सकाळी सातला काय चालू असतं?’ ती सांगेल: दुधाच्या पिशव्या, पाव, अंडी, कोणी ‘मांडून ठेवा’ म्हणून जातं. मग विचारा, दुधाच्या पिशवीवर दुकानदाराला कितीसं सुटत असेल? फार कमी. तरी तो पहाटे साडेपाचला उठून दूध का ठेवतो? इथे गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा सेकंद बहुतेक मेंटॉरना पेलवत नाहीत, तिसऱ्या सेकंदाला ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तुम्ही थांबलात तर ती म्हणेल, ‘दुधाला आलेला माणूस बिस्किटं पण नेतो.’ गिऱ्हाइकांची वर्दळ, मार्जिन आणि उधारी हे तीन धडे तिने पुस्तक न उघडता सांगितले. आता त्यांना पुस्तकातली नावं द्या.

हे मराठीतच होऊ द्या. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत आधी पुरा होऊ दे. शेवटची दहा मिनिटं तेच चार इंग्रजी वाक्यांत सांगायला लावा, आणि सांगताना मध्येच व्याकरण दुरुस्त करू नका. चुका टिपून ठेवा, शेवटी दोनच दाखवा. सहाव्या भेटीपर्यंत चारची बारा वाक्यं व्हावीत एवढंच लक्ष्य ठेवा.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र विसरून जा, त्याचं उत्तर कायम ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘आता तू मला समजावून सांग’ म्हणा.

विद्यार्थ्याच्या वडिलांचा सोलापुरात टॉवेल विणण्याचा छोटा कारखाना आहे. त्याला प्रोजेक्ट घरच्याच धंद्यावर करायचाय. विषय आणलाय ‘सोशल मीडियातून ब्रँडिंग’. मी बँकेत कर्ज विभागात होतो. त्याला नीट वाटेला कसं लावू?
— एक निवृत्त वाचक, सोलापूर

तुमच्यासारखा माणूस त्याला मिळाला हे त्याचं नशीब. विषय एकदम खोडू नका. ‘ब्रँडिंग झालं, मागणी दुप्पट झाली. तो माल बनवायला पैसा कुठून आणशील?’ एवढं विचारा आणि पुढच्या भेटीला चार आकडे आणायला सांगा: महिन्याची विक्री, तेवढ्या मालाचा खर्च, सूत आणि तयार माल किती दिवस पडून राहतो, आणि पैसे किती दिवसांनी येतात-जातात.

समजा आकडे असे आले: महिन्याची विक्री ६ लाख रुपये, खर्च ५ लाख. सूत आत आल्यापासून टॉवेल बाहेर जाईपर्यंत ३० दिवस. व्यापारी पैसे देतो ७५ दिवसांनी. सूतवाल्याला द्यावे लागतात १५ दिवसांत. मग ३० अधिक ७५ वजा १५, म्हणजे ९० दिवस पैसा अडकलेला. महिन्याला ५ लाख खर्च धरला तर साधारण १५ लाख रुपये कायम धंद्यात बुडी मारून बसलेले. मागणी दुप्पट झाली की आणखी १५ लाख लागणार. महिन्याला लाखाचा नफा दिसतो आणि तरी पगाराच्या दिवशी हातउसने का घ्यावे लागतात, ते घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. मुलाने हे पहिल्यांदा कागदावर मांडलं की त्याचा चेहरा बघा.

इथे मेंटॉर दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक, गणित स्वतः करून देणं. त्याला वहीत करू द्या, चुकू द्या. बहुतेक मुलं उधारीचे दिवस विक्रीवर मोजतात आणि साठ्याचे खर्चावर, मग दोन्ही मिसळतात. आपण इथे ढोबळमानाने सगळं खर्चावर धरलंय हे त्याला कळलं पाहिजे. दुसरी चूक, वडिलांच्या वह्या सरळ मागणं. आकडे घरचे आहेत. अहवालात प्रमाण तेच ठेवून रक्कम बदलता येते, आणि वडिलांना विचारल्याशिवाय खरी रक्कम कॉलेजात जाता कामा नये.

पुढचा प्रश्न त्यानेच शोधावा: ७५ दिवसांचे ६० कसे होतील? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस अशी मुदत आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजावटीला दाखवता येत नाही. वडिलांची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, आहे का, हे त्याने तपासावं. कायदा हातात आहे म्हणून उद्याच नोटीस पाठवायची असं मात्र नाही. जुना व्यापारी माल घेणंच बंद करू शकतो. दहा दिवस लवकर पैसे देणाऱ्याला किती सूट परवडेल, याचं गणित हा चांगला प्रोजेक्ट आहे. ब्रँडिंगचं प्रकरण त्यानंतर जोडू दे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहेच, लिहायला भरपूर मिळेल.

सीव्ही तपासून द्या म्हणून विद्यार्थी मागे लागतात. मी दुरुस्त करून देतो, तरी मुलाखतीत अडकतात.
— एक वाचक, चिंचवड

दुरुस्त करून देता म्हणूनच अडकतात. वाक्य तुमचं, अनुभव त्यांचा, आणि समोरच्याने दुसरा प्रश्न विचारला की सांधा दिसतो.

एक ओळ घ्या आणि तिच्यावरच अर्धी भेट घालवा. विद्यार्थी लिहितो: ‘मसाला कंपनीच्या मार्केटिंग विभागात इंटर्नशिप केली.’ विचारत जा. कुठे फिरलास? किती दुकानं? काय मोजलंस? काय सापडलं? कंपनीने त्यावर काही केलं का? शेवटी ओळ अशी होते: ‘इचलकरंजीतल्या ४० किराणा दुकानांत सहा आठवडे फिरून तीन आकारांच्या मसाला पुड्यांच्या विक्रीची नोंद ठेवली. दहा रुपयांची पुडी २६ दुकानांत आठवडा संपायच्या आत संपते हे दाखवलं.’ या ओळीतला प्रत्येक आकडा त्याच्या पायांनी चालून आणलेला आहे, त्यामुळे त्याच्यावरचा कुठलाही प्रश्न त्याला झेपतो. कंपनीने पुढे काही केलं नसेल तर ‘विक्री वाढवली’ असं लिहू देऊ नका.

आता येणारी पानं सुरेख इंग्रजीत असतात. एआयकडून लिहून घेतलेली आहेत हे उघड दिसतं. बंदी घालू का?
— एक वाचक, ठाणे

बंदी पाळली जाते की नाही हे तुम्ही तपासू शकणार नाही. पानावरच्या एका आकड्यावर बोट ठेवा आणि ‘हा कुठून आणलास?’ विचारा. मग दुसऱ्यावर. दोन भेटींत पान आपोआप साधं आणि खरं व्हायला लागतं. हाताने लिहून फोटो पाठवलेलं पान चालेल असंही सांगून टाका, बऱ्याच मुलांचा त्याने भार उतरतो.

विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला, ‘साहेब, तेवढं तुमच्या कंपनीत चिकटवा.’ नाही म्हणणं जड जातं.
— एक वाचक, कोल्हापूर

जड जाणारच. ज्या घराने कर्ज काढून फी भरली त्या घराचा तो प्रश्न आहे, त्याला चिडून उत्तर देऊ नका. पण पहिल्याच भेटीत, विद्यार्थ्यासमोर आणि शक्यतो लेखी, सांगून टाका: मी नोकरी लावणार नाही, नोकरीसाठी तयारी करून घेईन. कंपनीत उघड जाहिरात असेल आणि रेफरलची, म्हणजे कर्मचाऱ्यांनी ओळखीची नावं सुचवायची, पद्धत असेल, तर सहा भेटी पूर्ण झाल्यावर, त्याचं काम पाहून, नाव कळवायला हरकत नाही. तेव्हाही मी याला कसा ओळखतो हे एचआरला स्पष्ट सांगा आणि निवड समितीत बसू नका. सहा भेटींच्या आधी कबूल केलंत तर पुढच्या सगळ्या भेटींत तो शिकायला येणार नाही, तुम्हाला खूश ठेवायला येईल.

मी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत वित्त विभागात आहे. विद्यार्थी आमच्याच कंपनीवर प्रोजेक्ट करतोय. किती सांगू?
— एक वाचक, मुंबई

प्रकाशित झालेलं तेवढंच. वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, शेअर बाजाराकडे दिलेली निवेदनं यांत एमबीएच्या प्रोजेक्टला पुरून उरेल एवढं असतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवरून शेअर व्यवहार) नियमांनुसार किंमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती कामाच्या कायदेशीर गरजेशिवाय कोणालाही देता येत नाही, आणि विद्यार्थ्याला शिकवणं ही तशी गरज नव्हे. तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत तुमच्यासारख्यांसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री, बंद असते. त्या काळात कंपनीवर बोलणंच टाळा. ‘या वेळी बरं चाललंय’ हे सहज निघालेलं वाक्यसुद्धा माहितीच आहे. शक्य असेल तर त्याला त्याच क्षेत्रातली दुसरी कंपनी घ्यायला सांगा.

बाकी सर्वांसाठी: नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि एचआरला एक ईमेल टाकून ठेवा, काम विनामोबदला असलं तरी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७९ चे वर्तणूक नियम पाहून कार्यालयाला कळवावं.

मुलींना मार्गदर्शन करताना पुरुष मेंटॉरने काय काळजी घ्यावी? विचारताना संकोच वाटतो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

विचारलंत हे फार बरं केलंत. भेट कॉलेजात, काचेच्या दाराच्या खोलीत किंवा ग्रंथालयाच्या चर्चाकक्षात. ऑनलाइन असेल तर कॉलेजने पाठवलेल्या लिंकवर. घरी, गाडीत, हॉटेलात नाही. निरोप रात्री नऊनंतर नाही, आणि समन्वयक शिक्षिका असलेल्या ग्रुपवर किंवा ईमेलवर. फोटो, कपडे, लग्न, घरचं स्थळ हे विषय तुम्ही काढायचे नाहीत. हे नियम मुलग्यांनाही तसेच लावा, म्हणजे कोणी वेगळं वागवल्यासारखं होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५ च्या नियमावलीनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असते, आणि बाहेरून आलेल्या व्यक्तीबद्दलची तक्रारही तिच्याकडे जाते. समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क पहिल्या भेटीतच विद्यार्थिनीला मिळाले आहेत ना, हे कॉलेजला विचारा.

एखादी मुलगी किंवा मुलगा रडू लागला, जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर सल्ले देत बसू नका. एकटं सोडू नका, त्याच वेळी समन्वयकाला आणि समुपदेशकाला कळवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. ‘कोणाला सांगू नका’ असं वचन अशा वेळी द्यायचं नसतं.

दोन भेटी झाल्या आणि विद्यार्थी गायबच झाला. मेसेज वाचतो, उत्तर नाही.
— एक वाचक, दुबई

बहुतेक वेळा त्याने ठरलेलं काम केलेलं नसतं आणि तोंड दाखवायची लाज वाटत असते. जितके दिवस जातात तितकी ती वाढते. एकच निरोप पाठवा: ‘काम झालं नसेल तरी चालेल. शुक्रवारी २० मिनिटं बोलू. नवं पान नको, कुठे अडलं तेवढं सांग.’ त्यालाही दहा दिवस उत्तर नाही आलं तर समन्वयकाला कळवून मोकळे व्हा. घरची शेतीची कामं, पार्ट टाइम नोकरी, आजारपण यांतलं काही निघालं तर वेळापत्रक बदला.

तुम्ही परदेशात आहात म्हणून एक जोड. वेळ नेहमी भारताच्या घड्याळाने लिहा. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे दुबईत साडेसहा. हाच प्रश्न न्यू जर्सीच्या वाचकांना जास्त छळतो: तिथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. नोव्हेंबरच्या आणि मार्चच्या घड्याळबदलाच्या आठवड्यात हमखास कोणीतरी एक तास रिकाम्या स्क्रीनसमोर बसतं.

मी बीबीए विभागाची समन्वयक आहे. शेवटच्या वर्षाला ६० विद्यार्थी, मेंटॉर मिळाले २२. वाटप कसं करू?
— एक प्राध्यापिका, सांगली

सगळ्या साठांना वाटू नका. तिघा-तिघांचे गट करून दिले की मेंटॉर थकतो आणि तिसरा मुलगा नेहमी मागे बसतो. विद्यार्थ्यांकडून अर्ध्या पानाचा अर्ज मागवा: मला काय शिकायचंय आणि आठवड्याला किती वेळ देऊ शकेन. गुणांवर निवड नको. ज्यांनी अर्ज मनापासून लिहिलाय असे ४० ते ४४ विद्यार्थी घ्या, प्रत्येकाकडे दोन. उरलेल्यांसाठी दोन महिन्यांनी दुसरी फेरी ठेवा, तोवर गळती झालेल्या जागा मोकळ्या होतात.

जोडी लावताना हुद्द्यापेक्षा कामाचा प्रकार बघा. बेदाण्याच्या शीतगृहाचा हिशेब सांभाळणारा माणूस सांगलीच्या मुलाला मोठ्या शहरातल्या उपाध्यक्षापेक्षा जास्त देऊन जातो. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला साधारण ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास आहेत. ते तास आणि मेंटॉरच्या भेटी कागदोपत्री एकत्र करू नका, नाहीतर मेंटॉरवर सह्या करायची वेळ येते. तिसऱ्या भेटीनंतर दोघांनाही वेगवेगळा फोन करून फक्त ‘पान येतंय का?’ विचारा. उत्तरावरून जोडी चालते आहे की नाही ते लगेच कळतं.

कॉलेज मानधन देऊ म्हणतंय. घ्यावं का?
— एक वाचक, पणजी

प्रवासखर्च निःसंकोच घ्या. मानधनाची गोष्ट निराळी. पैसे आले की तास मोजले जातात, हजेरीपत्रक येतं, आणि कॉलेज तुमच्याकडून गुण, अहवाल, मग व्याख्यानंही मागू लागतं. शिकवण्याचंच काम करायचं असेल तर त्याचा सरळ मार्ग आहे: यूजीसीने २०२२ मध्ये आणलेलं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ पद. त्याला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. ते वेगळं काम आहे, त्याचा वेगळा करार करा. मेंटॉर म्हणून कॉलेजकडून मागून घ्यायचंच असेल तर शनिवारी सकाळी अकराला एक शांत खोली, दोन खुर्च्या आणि एक फळा मागा.